पेजफाइल शून्य करू नका
या चर्चेत वर कुणीतरी ५१२ एमबी रॅमच्या विंडोज एक्सपी मशीनवर पेजफाइल (रॅम अपुरी पडली की विंडोज हार्ड डिस्कवरची जी फाइल वापरतं ती) शून्य करायला सांगितलंय. कृपा करून ते करू नका! रॅम भरली की प्रोग्रॅम धडाधड बंद पडायला लागतील.

आधी टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये 'कमिट चार्ज'खालचा 'पीक' आकडा बघा, म्हणजे रॅम आणि पेजफाइल मिळून जास्तीत जास्त किती मेमरी लागली ते कळेल, तोही दिवसभर नेहमीची कामं करून झाल्यावर. आमच्या घरच्या जुन्या डब्यावर तो ८०० एमबीच्या आसपास होता. मग मी पेजफाइलच्या सेटिंगमध्ये इनिशिअल (सुरुवातीचा) आणि मॅक्झिमम (कमाल) साइज दोन्हीकडे ७६८ एमबी टाकलं, म्हणजे ५१२ एमबी रॅमच्या दीडपट; रॅम धरून ८०० ला ते पुरून उरतं. दोन्ही आकडे सारखे ठेवले की फाइल सारखी लहानमोठी होत नाही. आणि हो, ओकेच्या आधी 'सेट' दाबा. मी दोनदा विसरलो आणि उगाच रीस्टार्ट करत बसलो.

पेजफाइल सी वरून डी वर हलवायची असेल, तर डी वेगळी हार्ड डिस्क हवी. एकाच डिस्कचं पार्टिशन (भाग) असेल तर डिस्कच्या वाचणाऱ्या हेडची धावपळ उलट वाढते.

बाकी पेजफाइल कितीही वाढवली तरी ती डिस्कच, रॅमपेक्षा हळूच चालणार. जुन्या बाजारात रॅमची काडी मिळाली तर आधी ती टाका.