१९ वर्षं किचनमध्ये काढली, आता स्वयंपाकाची ओढच उरली नाहीये. तुमची टिकली कशी?

कांदा_कटर:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज लिहितो. हॉटेल लाइनमध्ये १९ वर्षं झाली, कोमी म्हणजे सगळ्यात खालचा शिकाऊ कुक म्हणून लागलो, गेली ४ वर्षं हेड शेफ आहे. पगार ठीक, टीम चांगली, तक्रार करावी असं खरं तर काही नाही. पण मागच्या आठवड्यात एका नवीन पोराने सॉस चाखायला चमचा पुढे केला आणि मी "मीठ बघ जरा" म्हणून पुढे निघून गेलो. चाखलाच नाही! नंतर विचार केला तर महिनाभर बहुतेक असंच चाललंय. घरी तर गॅससुद्धा पेटवत नाही, रात्री आलो की फ्रिजमधलं काहीतरी थंडच उभ्याउभ्या खातो. पूर्वी सुट्टीच्या दिवशी मुद्दाम अवघड काहीतरी काढून बसायचो, घरचे वैतागायचे. २०-३० वर्षं या धंद्यात काढलेल्यांना विचारायचंय, तुमची आवड खरंच टिकली का? की सगळेच नाटक करतात?

जुनी_कढई:
दादा, ३१ वर्षं झाली मला. एकच विचारते, दिवसातून किती वेळ तुमच्या हातात सुरी असते? पास (प्लेट बाहेर जायच्या आधी तपासायची जागा), इंडेंट (मालाची मागणी), रोस्टर, फूड कॉस्ट, कोण सुट्टीवर, कोण भांडलं हे सगळं सोडून.
माझं असंच झालेलं. मला वाटायचं आवड मेली, पण ती मेली नव्हती, तिला प्रमोशनमध्ये मी मागेच सोडून आले होते. आपण या धंद्यात आलो ते हाताने काहीतरी करायला आणि जितके वर चढतो तितके हात रिकामे होतात, ही गंमतच आहे. मग मी आठवड्यातून एक सकाळ स्टॉक (हाडांचा अर्क, सॉस-सुपासाठी) स्वतः लावायला घेतला. हाडं भाजायची, थंड पाण्यात टाकून हळूहळू तापवायची, वर येणारा फेस काढत राहायचा, खळखळ उकळू द्यायचं नाही नाहीतर गढूळ होतो. सहा-सात तास. काम कोमीचं, त्यामुळे पोरांना पहिल्यांदा वाटलं मॅडम चेकिंगला उभ्या आहेत, एक जण तर घाबरून फ्रिजच पुसायला लागला. पण त्या सकाळी मी चाखते, वास घेते, चुकतेही. एकदा तळाला लागू दिला, ३१ वर्षांच्या अनुभवाने! स्टाफ मीलपण अधूनमधून मीच करते, तिथे मेनू नाही, कार्ड नाही, उरलेल्यातून काय ते बनवायचं. खरी मजा तिथेच येते.

पासवरचा_माणूस:
ताईंचं पटतं, पण आधी झोप किती होते ते बघा राव. डब्ल्यूएचओने २०१९ मध्ये आयसीडी-११ (आजारांची जागतिक यादी) मंजूर केलं त्यात बर्नआउट आहे, आजार म्हणून नाही, कामाशी जोडलेली स्थिती म्हणून, आणि त्याच्या खुणा तीन: पार गळून जाणं, कामाशी मनाने फारकत, आणि आपल्या हातून नीट होत नाही असं वाटणं. न चाखता "मीठ बघ" म्हणणं ही मला दुसरी खूण वाटते. तसं असेल तर नवीन रेसिपीने काही होत नाही, मीपण तेच करून बघितलं, अजून दमलो.
आणि हे फक्त आपल्यासारख्यांचं नाही हो. स्पेनमधल्या फेरान आद्रिया या शेफचं एल बुली रेस्टॉरंट वर्षातले जवळपास सहा महिने बंद असायचं, त्या काळात नवीन पदार्थांचे प्रयोग चालायचे, तरी २०११ मध्ये त्यांनी ते बंदच केलं. फ्रेंच शेफ सेबास्तियाँ ब्राने २०१७ मध्ये मिशलिनला (रेस्टॉरंटना स्टार देणारं गाइड) सांगितलं की माझे तीन स्टार काढून घ्या, दडपण नको. २०१९ मध्ये गाइडने दोन स्टार देऊन परत यादीत घातलं ते वेगळंच!

विटेसारखा_ब्रेड:
मी ४२ व्या वर्षी हॉट सेक्शन (गॅसवरचं काम) सोडून बेकरीत गेलो. पगारात खाली आलो, बायको आठवडाभर बोलली नाही. पहिले दोन महिने ब्रेड असे निघायचे की दार अडकवायला चालले असते. पण १८ वर्षांनी पहिल्यांदा काहीतरी येत नव्हतं मला! पीठ गरमीत लवकर फुगतं, थंडीत रुसून बसतं, घड्याळ बघून चालत नाही, हात लावूनच कळतं. सगळ्यांना जमेल असं नाही, घरचे हप्ते वगैरे असतात, पण सेक्शन तरी बदलून बघ.

नळावर_प्रेम_नाही:
उलटं बोलतो, राग मानू नका. प्लंबरला कोणी विचारतं का की नळावर अजून प्रेम आहे का? मी २६ वर्षं करतोय, आवड केव्हाच संपली, घरी चहासुद्धा करत नाही, तरी माझ्या सेक्शनची प्लेट परत येत नाही. आणि रात्री खायची इच्छा न होणं यात मनाला लावून घेण्यासारखं काय? दहा तास त्याच वासात राहिलं की नाक तो वास धरतच नाही, भूक कुठून लागणार. पण चमचा पुढे आला की चाखायचं, एवढं तरी करायलाच पाहिजे, आवडीसाठी नाही, त्या पोरासाठी.

कांदा_कटर:
सगळ्यांना थँक्यू. ताई, मोजलं काल. अकरा तासांत जेमतेम ४० मिनिटं, आणि त्यातपण पासवर प्लेटच्या कडा पुसणंच जास्त. लाज वाटली खरं सांगायचं तर. इन्व्हेंटरी सू शेफकडे (माझ्या खालोखालचा शेफ) दिलीय, मंगळवारपासून सकाळी सॉस सेक्शनला उभा राहणार, बघू किती दिवस जमतं. @पासवरचा_माणूस झोप पाच तास, त्याबद्दल वेगळा धागा काढतो.
आणि त्या पोराचा सॉस आज चाखला. मीठ बरोबर होतं, आटवला जास्त होता. दोघांनी मिळून परत केला.
रात्री घरी काय खाल्लं ते विचारू नका, थंडच.