फक्त ऊर्जा काढून भागत नाही
आयनांच्या (विद्युतभारित अणूंच्या) त्रिज्या आणि शून्य केल्विनची, म्हणजे निरपेक्ष शून्य तापमानाची, ऊर्जा काढली की स्फटिकाची रचना कळते, असं म्हटलं जातं. दोन-तीन धातूंच्या ऑक्साइडपुरतं हे बरंचसं चालतं. पुढे गाडी अडते. २०१५ मधलं उदाहरण घ्या: मॅग्नेशियम, कोबाल्ट, निकेल, तांबं, जस्त यांची ऑक्साइडं समान मोलमध्ये. एरवी जस्ताचं ऑक्साइड वुर्टझाइट नावाच्या रचनेत असतं, तांब्याचं टेनोराइट नावाच्या दुसऱ्याच रचनेत. पण ९०० अंश सेल्सिअसला पाचही खाण्याच्या मिठासारख्या एकाच स्फटिकरचनेत एकत्र नांदतात! ७५० अंशांवर ठेवलं की टेनोराइट (तांब्याचं ऑक्साइड) वेगळं पडतं, पुन्हा तापवलं की परत आत. हा एन्ट्रॉपीचा, म्हणजे अणूंच्या विस्कळीतपणाचा, खेळ; तिचा जोर तापमानाबरोबर वाढतो, मग शून्य केल्विनच्या गणितात तो दिसणार कसा? शिवाय धातूंची मांडणी यादृच्छिक, म्हणजे छोटा युनिट सेल (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा लहानसा ठोकळा) घेऊन चालत नाही. असे अनेक ठोकळे जोडलेला सुपरसेल लागतो, आणि संगणकाचा सगळा वेळ तोच खातो.