मदत हवी आहे: मिनी डाळ मिल प्रोजेक्ट, एनपीव्हीचं उत्तर जुळून नाही राहिलं, उद्या सबमिशन

दारव्ह्याचा_बीकॉम (रात्री ८.१०)
बीकॉम फायनलला आहे. फायनान्शियल मॅनेजमेंटचा प्रोजेक्ट, गावात मिनी डाळ मिल टाकावी की नाही. मशिनरी ३ लाख, वर्षाला नफा ३६ हजार, पाच वर्षं. सरांनी एनपीव्हीचं (पुढच्या वर्षांचे पैसे आजच्या किमतीत आणून त्यातून गुंतवणूक वजा केली की उरते ते) उत्तर ४१,४६० दिलं आहे, माझं ३७,०११ येऊन राहिलं. चार वेळा करून पाहिलं, तेच येते. उद्या ११ वाजता फाइल द्यायची. प्रिंट काढायला तालुक्याला जा लागते, पहिली बस साडेसातची. लवकर सांगा कोणी.

वर्धेचे_मास्तर (८.२२)
बाळा, वटावाचा दर, म्हणजे पुढचा पैसा आजच्या किमतीत आणायचा दर, कोणता धरला? त्यासाठी गुणायचे फॅक्टर टेबलातून घेतले की संगणकावर केलं? एवढ्यावरून चूक कोण शोधणार? प्रश्न जसा दिला आहे तसा पूर्ण टाक.

अकोट_बँकवाला (८.२९)
दर काहीही असो, हा प्रकल्प तोट्यातच आहे. ३६ हजार गुणिले पाच म्हणजे १,८०,०००. लावले ३ लाख. मुद्दलच निघत नाही, एनपीव्ही प्लस कुठून येणार? समज १२ टक्के धरले, पाच वर्षांचा फॅक्टर ३.६०५, तर ३६,००० × ३.६०५ = १,२९,७८०, म्हणजे १,७०,२२० चा खड्डा. तुझंही उत्तर चूक अन् सरांचंही. सरांना विचार.

दारव्ह्याचा_बीकॉम (८.३३)
दर १२ टक्केच आहे. सांगायचं राहिलं, ३६ हजार हा घसारा (मशीनच्या झिजेपोटी धरलेला खर्च) वजा करून आलेला नफा आहे. घसारा वर्षाला ५४ हजार, सरळ रेषेचा, म्हणजे दरवर्षी सारखाच. टॅक्स धरायचा नाही. मोबाइलवर गूगल शीटमध्ये करून राहिलो. सरांना आता फोन नाही करू शकत.

उद्योजक_व्हा (८.३६)
मित्रा, प्रोजेक्ट कागदावर कशाला ठेवतोस, खरंच टाक! केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगाला ३५ टक्के अनुदान मिळतं, जास्तीत जास्त १० लाख. स्वतःचा हिस्सा किमान १० टक्के, बाकी बँकेचं कर्ज. तुझ्या ३ लाखांवर १,०५,००० सुटतात. ते वजा करून एनपीव्ही काढ, बघ कसा उड्या मारतो. आमच्या भागात दोन जणांनी घेतलं आहे.

वर्धेचे_मास्तर (८.४१)
अनुदान प्रश्नात दिलं नसेल तर अजिबात धरू नकोस. शिवाय या योजनेचं अनुदान पहिल्या दिवशी हातात येत नाही. बँकेत वेगळ्या खात्यात पडून राहतं, तीन वर्षं कर्जखातं नियमित राहिलं अन् उद्योग चालू दिसला की मग कर्जात वळतं होतं. तिसऱ्या वर्षी मिळालेले १,०५,००० आजच्या किमतीत १२ टक्क्यांनी ७४,७०० च्या आसपास भरतात. हे न सांगता पोराला "वजा कर" म्हणणं बरोबर नाही.

आता तुझ्याकडे येतो. घसारा हा रोखीत जाणारा खर्च नाही, म्हणून परत मिळवायचा. ३६ अधिक ५४ म्हणजे वर्षाला ९०,००० रोख. पण ५४ हजार गुणिले पाच होतात २,७०,०००. मशीन ३ लाखांची. उरलेले ३० हजार कुठे आहेत? पाचव्या वर्षाअखेर भंगार किंमत दिली असणार.

दारव्ह्याचा_बीकॉम (८.४४)
हो सर. भंगार ३०,०००. मी ते धरलं आहे, फक्त इथं लिहिलं नाही. माझ्या शीटात पाचव्या वर्षी १,२०,००० आहे.

अकोट_बँकवाला (८.५२)
घसाऱ्यानंतरचा नफा आहे हे आधी सांगितलं असतं तर मी तोट्याचा निकाल दिला नसता. माझं वरचं गणित मागे घेतो. पण एक सांगतो, बँकेत कर्ज मागायला गेलास तर कोणी एनपीव्ही विचारणार नाही. आम्ही डीएससीआर, म्हणजे कर्ज फेडायची ताकद, बघतो: नफा, घसारा अन् व्याज यांची बेरीज भागिले मुद्दलाचा हप्ता अधिक व्याज. अन् पेबॅक, म्हणजे लावलेला पैसा किती दिवसांत परत येतो, ते बघ. ३ लाख भागिले ९० हजार, ३ वर्षं ४ महिने. प्रोजेक्टमध्ये हे दोन्ही टाक, वजन येईल.

वर्धेचे_मास्तर (८.५५)
पेबॅक भंगार बघत नाही, अन् चौथ्या वर्षाचा रुपया पहिल्या वर्षाच्या रुपयाएवढाच मानतो. पस्तीस वर्षं मी हेच शिकवत आलो. परीक्षेच्या प्रकल्पात पेबॅकवर निर्णय घ्यायचा नाही.

अकोट_बँकवाला (८.५८)
मास्तर, शेतकऱ्याला विचारा, त्याला आपला पैसा कधी मोकळा होतो हेच कळतं. एका मर रोगाच्या वर्षात त्याचं सगळं गणित बदलतं. पेबॅकला कमी लेखू नका.

हिंगण्याचा_कोडर (९.०३)
शीट सोडा, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा वापरा. नमपाय-फायनान्शियल हा तयार सूत्रांचा संच टाकून एका ओळीत काम होतं. मी आत्ता चालवून पाहिलं: उणे ३ लाख, चार वेळा ९० हजार, शेवटी १,२०,०००, दर १२ टक्के. उत्तर ४१,४५२.६६ आलं. सर बरोबर आहेत. कॉमर्सच्या पोरांनी पायथन शिकायलाच पाहिजे, पुढं खूप कामी येते.

दारव्ह्याचा_बीकॉम (९.०६)
भाऊ, आता रातच्याला पायथन कुठं शिकू? आकडे तेच आहेत माझे. मग मले ३७,०११ काहून येते? अन् आयआरआर (ज्या दराला एनपीव्ही शून्य होते तो दर) काढला तर १७.२ टक्के येऊन राहिला, तो सरांनी दिलेल्या आयआरआरशी बरोबर जुळते. म्हणजे आकडे तर चुकले नसतील ना? इकडे लाइट गेली आहे, मोबाइल २३ टक्क्यांवर आहे.

मूर्तिजापूरची_लेखापाल (९.११)
आयआरआर जुळतो अन् एनपीव्ही जुळत नाही, यातच उत्तर आहे. तू एनपीव्हीच्या सूत्रात कोणत्या पेशी धरल्या तेवढं सांग. बी२ पासून बी७ पर्यंत सगळ्या ना?

दारव्ह्याचा_बीकॉम (९.१२)
हो ताई. =एनपीव्ही(१२%,बी२:बी७). बी२ मध्ये -३,००,०००.

मूर्तिजापूरची_लेखापाल (९.२०)
सापडली. गूगल शीट असो की एक्सेल, एनपीव्हीचं सूत्र पहिल्या पेशीतला आकडा पहिल्या वर्षाच्या *शेवटी* आला असं समजतं. तुझे ३ लाख आज जातात, पण सूत्राने तेही एक वर्ष मागे आणले. पहिल्या वर्षाचे ९० हजार दुसऱ्या वर्षाचे झाले, असं करत सगळी रांग एकेका वर्षाने सरकली. म्हणून पूर्ण उत्तरच १.१२ ने भागलं गेलं. ताळा करून बघ, ३७,०११ ला १.१२ ने गुण.

आयआरआरचं सूत्र मात्र आजच्या रकमेसकट सगळी रांग मागतं, अन् रांग एक वर्ष सरकली तरी त्याचं उत्तर बदलत नाही. म्हणून तो जुळला. कोडर दादांच्या पायथनमध्ये पहिला आकडा आजचाच मानतात, म्हणून त्यांना थेट बरोबर आलं. नाव एकच, रीत वेगळी.

आता असं कर, इंग्रजी अक्षरांत टाइप करून:
=एनपीव्ही(१२%,बी३:बी७)+बी२
बी२ मध्ये उणे चिन्ह आहेच, म्हणून पुढे अधिकच लिही. वजा लिहिलंस तर ३ लाख मिळवले जातील.

हीच चूक मी नोकरीच्या पहिल्या वर्षी केली होती, एका जिनिंगच्या प्रस्तावात. साहेबांसमोर फाइल उघडली अन् हातानं काढलेला आकडा वेगळा निघाला. त्या दिवसापासून शून्य वर्षाची ओळ मी पिवळी करून ठेवते.

दारव्ह्याचा_बीकॉम (९.२६)
ताई, आलं!! ४१,४५३ आलं. पण सरांचं ४१,४६० आहे. हे सात रुपये कुठं गेले?

वर्धेचे_मास्तर (९.३१)
सरांनी टेबल वापरलं असणार, तीन दशांशांपर्यंतचं. ९०,००० × ३.६०५ = ३,२४,४५०. भंगाराला पाचव्या वर्षाचा फॅक्टर, ३०,००० × ०.५६७ = १७,०१०. बेरीज ३,४१,४६०, वजा ३ लाख. आले ४१,४६०. संगणक ३.६०४८ अन् ०.५६७४ अशा लांब फॅक्टरांनी करतो. फाइलमध्ये दोन्ही लिही अन् खाली एक ओळ घाल: फरक फॅक्टरच्या पूर्णांकनाचा. तोंडी परीक्षेला विचारलं तर घाबरू नकोस.

लेखापाल ताई, छान समजावलंत.

मेहकरची_बचतगट_ताई (९.४०)
मी बीकॉम नाही, पण आमच्या गटाची मिनी डाळ मिल आहे, अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या नमुन्याची. म्हणून विचारते, दादा, वर्षाला ९० हजार हा आकडा आणला कुठून? आमची मिल बारा महिने चालत नाही. तूर निघाली की जानेवारीपासून पावसाच्या आधीपर्यंत, बस. तुरीला आधी मशीनमध्ये चरे पाडावे लागतात, मग तेल चोळायचं, ताडपत्रीवर उन्हात घालायचं, पाणी मारून रात्रभर झाकून ठेवायचं, पुन्हा वाळवायचं. दाणा दाताखाली धरला की कट्कन तुटला पाहिजे. दबला तर अजून एक ऊन द्या लागते, नाही तर डाळीचा चुरा होते. ढगाळ आठवडा आला की काम बंद. अन् चुनी, डाळ करताना निघणारा चुरा, धरली का तुम्ही? गाई-म्हशीवाले घरी येऊन घेऊन जातात. आमचं विजेचं बिल चुनीच्या पैशातून निघते.

उद्योजक_व्हा (९.४४)
ताई, सोलर ड्रायर घ्या ना, त्यालाही योजना आहे. मी माहिती पाठवतो.

मेहकरची_बचतगट_ताई (९.४६)
दादा, ते मागून बोलू. पोराचं होऊ द्या आधी.

तूर_उत्पादक_४एकर (९.५१)
डाळ मिलचं गणित करता अन् तुरीच्या भावाचं कोणी बोलत नाही. हमीभाव २०२४-२५ ला क्विंटलला ७,५५० होता, २०२५-२६ ला ८,००० केला. खरेदी केंद्रावर नोंदणी, बारदाना अन् ओलावा यातच माणूस थकते, अन् शेवटी व्यापाऱ्याला देऊन मोकळं होते. मिलवाल्यानं तूर कोणत्या भावानं घ्यायची ते ठरवल्याशिवाय तुमच्या ९० हजारांना अर्थ नाही.

दारव्ह्याचा_बीकॉम (१०.०२)
काका, ताई, ९० हजार सरांनी दिलेला आकडा आहे, तो मी बदलू शकत नाही. पण तुमचं वाचून वाटते विचारावं. आमच्या बाबांची पण तूर आहे, दरवर्षी निघाल्या निघाल्या विकतात अन् दोन महिन्यांनी आई दुकानातून डाळ आणते. म्हणून मी हा विषय घेतला होता. ९० हजार नाही आले तर किती खाली गेलं की नुकसान? हे कसं काढतात?

मूर्तिजापूरची_लेखापाल (१०.१०)
हा प्रश्न तू विचारलास याचं फार बरं वाटलं. उलट जा. ३ लाखांतून भंगाराची आजची किंमत १७,०२३ वजा कर, २,८२,९७७ उरतात. त्याला ३.६०४८ ने भाग. साधारण ७८,५०० येतात. म्हणजे वर्षाची रोख ९० हजारांवरून साडेअठ्ठ्याहत्तर हजारांवर आली की एनपीव्ही शून्य. साडेअकरा हजारांचीच उसंत आहे, तेरा टक्केही नाही. ताईंनी सांगितलेले दोन-तीन ढगाळ आठवडे लागोपाठ आले तर ती संपू शकते. प्रोजेक्टच्या शेवटच्या पानावर हे लिही अन् "प्रत्यक्ष मिल चालवणाऱ्या बचत गटाशी चर्चा" असंही लिही, ते खरंच आहे.

अकोट_बँकवाला (१०.१४)
हे मला पटलं. आम्ही प्रस्ताव तपासताना हेच करतो, विक्री कमी धरून हप्ता निघतो का ते बघतो. डीएससीआर टाकच पण.

हिंगण्याचा_कोडर (१०.२०)
पायथनमध्ये हा तक्ता दोन मिनिटांत होतो. परीक्षेनंतर सांग, शिकवतो, फुकट.

दारव्ह्याचा_बीकॉम (सकाळी ७.५०)
बसमध्ये आहे. फाइल पेनड्राइव्हमध्ये घेतली. ७८,५०० वालं पान टाकलं, चुनीबद्दलही लिहिलं. लाइट पहाटे चारला आली, तवा चार्जिंग झालं. सगळ्यांचे मनापासून आभार, ताई तुमचे जास्तच.

मेहकरची_बचतगट_ताई (८.०५)
शुभेच्छा दादा. एक विचारू का? आमच्या गटाला डाळ चाळायचं ग्रेडर घ्यायचं आहे. दुकानदार म्हणते पैसे दोन वर्षांत निघतात. घरातले म्हणतात नको. तुम्ही केलं तसं गणित आमचं करून द्याल का?

दारव्ह्याचा_बीकॉम (८.०९)
हो ताई, करून देतो. ग्रेडरची किंमत सांगा, किती वर्षं चालेल ते सांगा, शेवटी विकलं तर काय येईल ते पण. अन् वर्षाला जो फायदा सांगाल, तो घसारा वजा करून की न करता?