एमबीएच्या प्रोजेक्टला शंभर गूगल फॉर्म हवेत की पंधरा दुकानं?

परीक्षक_पुणे (धागाकर्ती):
सात वर्षं एमबीएच्या प्रोजेक्टच्या व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरची परीक्षक म्हणून जाते आहे. यंदा एका दिवसात बावीस प्रोजेक्ट तपासले, त्यातल्या एकोणीस जणांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गूगल फॉर्मची लिंक टाकून माहिती गोळा केली होती. एकाचा विषय किराणा ग्राहकांचं समाधान. त्याच्याकडे मूळ एक्सेल फाइल मागितली. उत्तरं 112, आणि त्यातली साठाहून जास्त एकाच रात्री अकरा ते साडेअकराच्या दरम्यान आलेली. ‘इथले दर मला परवडतात’ यावर ‘सहमत’, आणि चार ओळी खाली ‘इथले दर मला महाग वाटतात’ यावरही ‘सहमत’. प्रश्न न वाचताच दिलेल्या या उत्तरांवर ची-स्क्वेअर ही आकडेवारीतली चाचणी लावून पुढे सहा पानं निष्कर्ष लिहिले होते. मला फार वाईट वाटलं, कारण मुलगा हुशार होता.

माझं म्हणणं एवढंच, की शंभर उत्तरांची सक्ती काढा. मुलांना पंधरा दुकानांत पाठवा, एकेका ठिकाणी तासभर बसू द्या, आणि तिथे जे दिसलं, ऐकलं ते लिहू द्या.

गाईड_नाशिक:
मॅडम, मला हे पटत नाही. माझ्याकडे अठरा विद्यार्थी आहेत आणि हातात दोन महिने. पंधरा दुकानांत ते खरंच गेले की नाही, हे मी कसं तपासू? घरी बसून पंधरा मुलाखती सहज लिहिता येतात. तुम्हाला त्या मुलाची लबाडी सापडली ती फॉर्मवर वेळेची नोंद असते म्हणूनच. वहीतल्या मुलाखतीला तेवढाही पुरावा नाही.

आणि दुकानं तोच निवडणार. जो निष्कर्ष डोक्यात आधीच पक्का आहे, तोच देणारी दुकानं निवडेल. शिवाय नोकरीत त्याच्यापुढे लाखभर ओळींची फाइल येणार आहे. ती हाताळायची सवय आत्ताच लागली पाहिजे.

आकडेवारी_शिकवतो:
गाईड सर, सवयीचा मुद्दा बरोबर. पण मुलांना आपण आकड्याची सवय लावतो आणि नमुना कसा निवडायचा, म्हणजे कोणाकोणाला विचारायचं, ते शिकवत नाही. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये 384 हा आकडा असतो. तो क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या 1970 सालच्या तक्त्यातला. लोकसंख्या मोठी, विश्वासपातळी (अंदाजाची खात्री) 95 टक्के आणि चूक 5 टक्क्यांपर्यंत चालणार असेल तर एवढा नमुना लागतो. पण कोणाचीही निवड होण्याची शक्यता ठरलेली असली पाहिजे, ही त्यातली पहिली अट आहे. वर्गमित्रांना लिंक पाठवली की ती अट तिथेच मोडते. मग 384 काय आणि 3,840 काय, सारखंच.

1936 साली अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. पत्ते घेतले टेलिफोनधारकांच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून. वीस लाखांहून जास्त उत्तरं आली आणि अंदाज निघाला लँडन जिंकणार. प्रत्यक्षात 48 पैकी 46 राज्यं रूझवेल्टनी जिंकली. जनमत पाहणी करणाऱ्या जॉर्ज गॅलपचा नमुना त्या मानाने फारच लहान होता, तरी विजेता त्याने बरोबर सांगितला.

दुय्यम_माहितीवाला:
मुळात प्रत्येकाने प्राथमिक माहिती, म्हणजे स्वतः लोकांना विचारून मिळवलेली, गोळा केलीच पाहिजे, हा आग्रह कशाला? सरकारच्या 2022-23 च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत 2,61,746 कुटुंबं आहेत. एकेका कुटुंबाची माहिती सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. किराण्यावर महाराष्ट्रात कोण किती खर्च करतं, हे दोन महिने त्यातून काढलं तरी मुलगा खूप शिकेल. गाईड सरांना हवी ती लाखभर ओळींची फाइलही इथेच आहे.

परीक्षक_पुणे:
खर्च किती ते कळेल. पण दुकानदाराने एखाद्या कंपनीचा माल ठेवायचं का थांबवलं, हे त्या फाइलमध्ये नाही. त्यासाठी त्याच्यासमोर बसावंच लागतं.

एमबीए_दुसरंवर्ष:
मॅडम, आम्ही गेलो नाही असं नाही. पहिल्याच दुकानात काकांनी विचारलं, “जीएसटीकडून आलात का?” कॉलेजचं पत्र मागितलं, ते मिळायला तीन आठवडे लागले. पाच दुकानांतून परत पाठवलं. ज्यांनी बोलू दिलं त्यांनी महिन्याचा धंदा इतका कमी सांगितला की लिहावासाच वाटेना. शेवटी मैत्रिणींना लिंक पाठवली. हे चूक आहे हे मला तेव्हाही कळत होतं.

फिल्डवर_वीसवर्षं:
ताई, यात तुझी चूक नाही, प्रश्न चुकला. मी बाजार पाहणीच्या कामात वीस वर्षं दुकानं फिरतोय. धंदा किती होतो, हे कोणीच अनोळखी माणसाला सांगत नाही. दुधाच्या किती पिशव्या संपतात ते विचार. लगेच सांगतात, कारण त्यात लपवण्यासारखं काही वाटत नाही. मग पाव किती लाद्या, अंड्यांचे ट्रे किती. हळूहळू दुकानाचा अंदाज येतो. त्यांनी काही सांगितलं नाही तरी दारातले रिकामे क्रेट मोजता येतात. हे घरी बसून लिहिता येत नाही, गाईड सर. रचलेली मुलाखत गुळगुळीत असते, त्यात असा तपशील नसतो.

गाईड_नाशिक:
तुम्हाला अनुभव आहे, तुम्ही ओळखाल. अठरा वह्या समोर आल्यावर मला ओळखता येईलच असं नाही.

आकडेवारी_शिकवतो:
यावर संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांची जुनी युक्ती आहे. बंगालमधल्या तागाच्या पाहणीत त्यांनी एकाच भागात दोन स्वतंत्र गट पाठवले आणि दोघांचे आकडे शेजारी ठेवले. फरक मोठा निघाला की कुठेतरी गडबड आहे हे कळायचं. तुमचे दोन विद्यार्थी एकमेकांना न सांगता त्याच पाच दुकानांत पाठवा. दुकानं यादीतून चिठ्ठ्या टाकून तुम्हीच काढा, म्हणजे निवडीचाही प्रश्न उरणार नाही.

गाईड_नाशिक:
चिठ्ठ्यांची कल्पना आवडली, यंदा करून बघतो. पण शंभराची अट मी काढणार नाही. दुकानं पंधरा, आणि त्या दुकानांतून बाहेर पडणाऱ्या गिऱ्हाइकांना तिथल्या तिथे विचारून शंभर. लिंक बंद. पहिली दहा उत्तरं मला दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही, म्हणजे प्रश्न कळतोय की नाही ते तेव्हाच दिसेल.

परीक्षक_पुणे:
हे मला चालेल. मात्र गुण देताना वहीला एक्सेलइतकंच वजन द्या.

एमबीए_दुसरंवर्ष:
माझं सबमिशन पुढच्या महिन्यात आहे, अजून वेळ आहे. दुकानात किती वाजता गेलं तर बोलतात?

फिल्डवर_वीसवर्षं:
दुपारी बारा ते चार. सकाळी दूध-पावाची गर्दी असते, संध्याकाळी तर विचारूच नकोस. मालाची गाडी लागलेली दिसली तर बाहेर थांब, बिलं तपासून होऊ देत. आणि आधी काहीतरी विकत घे, बिस्किटाचा पुडा का होईना.