दुपारचा डोस गाळू नका

ताई, यजमानांनी दुपारी जागं राहून बोलावं म्हणून मॉर्फिनचा (तीव्र दुखण्यावरच्या औषधाचा) एक डोस गाळायचं म्हणताय, ते कृपया करू नका. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा असर चारेक तासच टिकतो. डोस चुकला की दुखणं उसळतं आणि आटोक्यात यायला जास्त औषध लागतं. सुरुवातीची गुंगी बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरते, तेवढा धीर धरा.

वहीत डोसची वेळ, दुखणं दहापैकी किती आणि हाकेला ओ देतात का, एवढं लिहा. दोन डोसांच्या मधल्या कळांसाठीचा जादा डोस सहसा दिवसाच्या एकूण मॉर्फिनचा सहावा हिस्सा असतो (६० मिग्रॅला १०). डॉक्टरांनी तो लिहून दिला असेल तर अंग पुसण्याआधी अर्धा तास द्या, कूस बदलताना कळवळणार नाहीत.

गुंगी उतरतच नसेल तर झोपेची गोळी, प्रेगाबॅलिन (नसांच्या दुखण्याचं औषध), उलटीचं औषध यांचा डोस डॉक्टरांकडून तपासून घ्या. दोष बरेचदा तिथे असतो. लघवी कमी, हातापायांना झटके, भास दिसले तर मूत्रपिंड थकल्यामुळे औषध अंगात साठत असू शकतं. अशा वेळी, किंवा हलवूनही जाग येत नसेल, श्वास फार संथ झाला असेल, तर पुढच्या डोसआधीच डॉक्टरांना फोन करा. आणि एसआर गोळी (औषध हळूहळू सोडणारी) कधीही कुटून देऊ नका, बारा तासांचं औषध एकदम अंगात जातं.