प्लॅटिओसॉरस (लांब मानेचा, पाला खाणारा डायनासोर) दोन पायांवर चालायचा की चार? आणि दाढा नसताना पाला पचवायचा कसा?

श्टुटगार्टकर:
नमस्कार मंडळी, रविवारी लेकाला घेऊन इथल्या (श्टुटगार्ट, जर्मनी) लोव्हेनटोरच्या म्युझियममध्ये गेले होते, तिथे प्लॅटिओसॉरसचे सांगाडे आहेत आणि इथल्या लोकांना तो अगदी घरचाच वाटतो कारण जवळच्या ट्रॉसिंगनला तो ढिगाने सापडलाय. तर झालं असं की भारतातून आणलेल्या पुस्तकात हाच प्राणी चार पायांवर काढलाय आणि म्युझियममध्ये तो दोन पायांवर उभा, लेक सात वर्षांचा, त्याचा सरळ प्रश्न: आई, खोटं कोण बोलतंय? शिवाय प्लॅटिओसॉरसचे दात बघितले तर एवढेएवढेसे, दाढांचा पत्ता नाही, मग एवढं धूड पाल्यावर जगायचं कसं? नेटवर कुठेतरी वाचलं की पोटात पाला दळायला हे दगड गिळायचे म्हणे. आणि लांबी कुठे 5 मीटर लिहिलीय कुठे 10, त्यातलं खरं काय? कुणाला माहीत असेल तर सोपं करून सांगा प्लीज.

हाडवैद्य:
मी फिजिओथेरपिस्ट, डायनासोरवाला नाही, पण हा हाताचा प्रश्न आहे म्हणून लिहितो. लेकाला म्हणावं कोपर अंगाला चिकटवून ठेव आणि तळवा आधी वर कर मग खाली कर. खाली करताना आपल्या मनगटापासून कोपरापर्यंतच्या दोन हाडांपैकी एक दुसऱ्यावर आडवं येतं. प्लॅटिओसॉरसला हे जमतच नव्हतं, त्याचे तळवे कायम एकमेकांकडे, टाळी वाजवायच्या तयारीत असल्यासारखे. चालायला तळवा जमिनीला टेकवायचा तर हात खांद्यापासून फाकवावा लागणार आणि खांद्यातही तेवढी मोकळीक नव्हती. 2007 साली हातांवर पेपर आला, 2010 मध्ये अख्खा सांगाडा कॉम्प्युटरवर उभा करून बघितला, दोन्हीकडे उत्तर एकच, दोन पाय. शेपूट जाड आणि लांब, त्यामुळे पुढचं वजन तोललं जायचं. हात मोकळे, अंगठ्याला हे एवढं मोठं आकड्यासारखं नख, फांदी ओढायला नाहीतर कुणी अंगावर आलं तर ओरबाडायला, दोन्हीला बरं.

पुस्तकवाल्यांना फार बोलू नका पण. शंभरेक वर्षांपूर्वी येकेल म्हणून जर्मन शास्त्रज्ञ होते, त्यांनी आधी याला सरड्यासारखं चार पायांवर चालवलं आणि वर्षभरात मत बदलून कांगारूसारख्या उड्या मारायला लावल्या 😄

चहाबाज:
@हाडवैद्य पण पिल्लं रांगत असतील ना? आपली पण रांगतातच की

हाडवैद्य:
@चहाबाज प्रश्न भारी आहे. त्याच्या नात्यातला अर्जेंटिनाचा मुसॉरस खरंच तसा होता, अंड्यातून निघाला की चार पायांवर आणि मोठा झाल्यावर दोन. पण स्वित्झर्लंडला फ्रिकमध्ये प्लॅटिओसॉरसचं एक पोर सापडलंय, 2.3 मीटरचं, फाबियान नाव ठेवलंय, आणि त्याची ठेवण बऱ्यापैकी मोठ्यांसारखीच आहे. अगदी अंड्यातलं नाही ते, पण त्या वयाला तरी रांगणं संपलेलं दिसतंय.

गोठ्यातला:
दाताचं मी सांगतो. दात पानाच्या आकाराचे, कडेला जाड करवतीसारख्या खाचा, म्हणजे पाला तोडायचा, ओरबाडायचा आणि गिळायचा. चावणं नाही. आमच्या गाई दिवसातले कित्येक तास रवंथ करत बसतात ना, ते याच्याकडे नव्हतंच, त्यामुळे सगळं काम पोटावर. पोटाचा घेर केवढा आहे ते सांगाड्यात बघा, पाला आत दिवसेंदिवस आंबत पडायचा आणि जंतू त्याचा फडशा पाडायचे. एक फायदा असा की चावायचं नसलं की मोठे जबडे नकोत, जड डोकं नको, मग मान लांब झाली तरी पेलवते. पुढे ते अवाढव्य चार पायांचे सॉरोपॉड झाले त्यांनी हाच हिशोब चालवला. आणि हो, गवत खायचा असं कुणी सांगितलं तर सोडून द्या, तेव्हा गवत नव्हतंच, नेचे, सायकड (ताडासारखी दिसणारी झाडं), सूचिपर्णी झाडं असला माल.

दगडांचं मात्र मला पटत नाही. 2007 मध्ये शहामृगांशी तुलना करून बघितली, शहामृगाच्या पोटात जितके दगड असतात त्या मानाने सॉरोपॉडच्या सांगाड्यांत फारच कमी. कोंबडीसारखी चक्की असती तर भरपूर सापडले असते.

दगडधोंडे:
लांबीचे दोन्ही आकडे बरोबर आहेत, हीच तर गंमत. हाडं कापून आतली वाढीची वलयं मोजली (झाडाची मोजतात तसंच) तर काही जनावरं 4.8 मीटरलाच वाढायची थांबलेली आणि काही 10 मीटरपर्यंत गेलेली. मगरीसारखं, खायला काय मिळालं, हवा कशी होती त्यावर ठरायचं, पण वाढ मात्र मगरीपेक्षा जोरात. म्हणजे गरम रक्ताच्या वाटेवर निघालेला पण पोचलेला नाही असं काहीतरी.

आणि ढिगाने का सापडले तर चिखल. बऱ्याच सांगाड्यांचे मागचे पाय गाळात उभेच्या उभे आणि धड वर मोडून पडलेलं. जड जनावर रुतलं की संपलं, पिल्लं हलकी म्हणून निसटायची, म्हणूनच फाबियानचं एवढं कौतुक. शेजारी मांसाहारींचे गळालेले दात मिळतात, आयती पंगत. पूर्वी वाटायचं की कळपच्या कळप वाळवंट ओलांडताना मेले, आता एकेक करून रुतले असं म्हणतात.

नॉर्वेचा किस्सा माहितीये का? उत्तर समुद्रात तेलासाठी ड्रिलिंग करताना तळाच्या खाली 2256 मीटरवरून काढलेल्या खडकात याच्या हाडाचा चुरडलेला तुकडा निघाला, नॉर्वेतला पहिला डायनासोर तो.

आपल्याकडचा भाऊबंदही आहे बरं, जाकलापल्लीसॉरस, 2011 ला नाव दिलं, प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात तेलंगणच्या बाजूला. नदीच्या अलीकडे गडचिरोलीत सिरोंचाजवळ वडधमला फॉसिल पार्क आहे, तिथले थर मात्र प्लॅटिओसॉरसच्या नंतरच्या, जुरासिक काळातले.

श्टुटगार्टकर:
खूप खूप आभार सगळ्यांचे! तळव्याचा प्रयोग जेवताना करून झाला, वरण सांडलं. पुस्तकातल्या चित्रात पुढच्या पायांवर पेनाने फुली मारलीये आणि आता पुढच्या सुट्टीत फाबियानला भेटायचं म्हणून हट्ट सुरू आहे. फ्रिकला कुणी गेलंय का, लहान मुलांना घेऊन दिवसभरात होतं का?