उत्तर: उत्तर: आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) खेळाचं शुक्रवारपर्यंत ठरवा

प्रेषक: माई (कार्यक्रम समिती, एडिसन)

मंडळी,

तालमीत काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंच, पुन्हा लिहीत नाही. इकडच्या, अमेरिकेतल्या पोरांच्या फोनवर पबजी हा बंदुकांचा खेळ, जळगाव-भुसावळच्या पोरांच्या फोनवर त्याचीच भारतातली आवृत्ती बीजीएमआय, आणि दोघं एकमेकांना सापडेनात. सगळा वेळ त्यातच गेला. तिकडे सावद्याच्या मावशी नवं लुगडं नेसून फोनसमोर बसून होत्या.

मला शुक्रवारपर्यंत एकच खेळ सांगा. अटी त्याच: तिकडे फक्त फोन आहेत, लहान पोरांपासून आजीपर्यंत सगळे बसणार, आणि पैसे शक्यतो नकोत. वेळ बदलणार नाही. न्यू जर्सी सकाळी १०, भुसावळ संध्याकाळी ७:३०. कॅलिफोर्नियावाल्यांनी ७ला उठावं, कानबाईच्या सणाला उठलात तसं.

माई

---

प्रेषक: पप्पू (भुसावळ)

माई, ते सापडणारच नाहीत. सप्टेंबर २०२० मध्ये इथे पबजी मोबाइलवर बंदी आली. जुलै २०२१ मध्ये पबजीवाल्या क्राफ्टॉन कंपनीने बीजीएमआय आणला, तो फक्त भारतापुरता. जुलै २०२२ मध्ये तोही स्टोअरवरून गेला, मे २०२३ मध्ये परत आला. एरँगेलचा नकाशा तोच, ८ बाय ८ किलोमीटरचा, बंदुका त्याच, पण इकडचा खेळाडू तिकडच्याच्या स्क्वाडमध्ये येत नाही. आमच्या पोरांवर कशाला डाफरता? आणि व्हीपीएन लावून परदेशात असल्याचं भासवायचं कोणी सुचवू नका भो, मागे त्यावरून घरात किती वाजलं ते मला माहीत.

---

प्रेषक: बंटी (ऑस्टिन)

पबजी गेला ते बरंच झालं. नावाला चौघांचा स्क्वाड, पण एक चांगला नेमबाज असला की बाकीचे तिघे त्याच्या मागून पट्ट्या आणि गोळ्या वेचत फिरतात. मी कुठल्याही सहकारी खेळात एकच बघतो: मी हात आखडून बसलो तर बाकीच्यांचं अडतं का? अडत नसेल तर तो चौघांनी शेजारी बसून खेळलेला एकट्याचा खेळ.

लेफ्ट फोर डेड २ बघा, २००९चा, पण अजून त्याला तोड नाही. त्यातला हंटर नावाचा झाँबी अंगावर बसला की आपलं आपल्याला सुटता येत नाही, साथीदाराने येऊन ढकललं तरच सुटका. पुढे पळणारा शहाणा दोन मिनिटांत माणसांत येतो.

डीप रॉक गॅलॅक्टिक त्याहून गोड. चार बुटके खाणीत उतरतात. खनिज उंच भिंतीत. त्यांतला एक, स्काउट, दोर मारून तिथवर पोचतो, पण उभं राहायला जागा नाही. दुसऱ्याने, इंजिनिअरने, खालून फळी चिकटवली तर त्याला ठाव मिळतो. कोणी कोणाला हुकूम सोडत नाही. स्काउटने नुसतं बोट दाखवलं की फळी येते. अनोळखी माणसंही तिथे सभ्य वागतात, हे मला ऑनलाइन दुसरीकडे फारसं दिसलं नाही.

हेलडायव्हर्स २ (२०२४) मध्ये आपली गोळी आपल्याच माणसाला लागते. मदत मागवायची तर बाणांच्या कळा ओळीने दाबाव्या लागतात, अंगावर किडे चढत असतानासुद्धा. मजा खूप, पण आजींसमोर नको.

एक्सकॉम २ हा पाळीपाळीने डाव टाकायचा लढाईचा खेळ मला आवडतो असं सगळ्यांना वाटतं. नाही आवडत. शत्रूच्या नाकासमोर बंदूक, पडद्यावर नेम लागायची शक्यता ९५ टक्के, आणि नेम चुकतो. गणित बरोबर आहे हे मलाही कळतं, तरी डोकं फिरतंच. त्यापेक्षा इन्टू द ब्रीच (२०१८). ८ बाय ८ चा पट, आपली तीन यंत्रं, आणि शत्रू पुढे काय करणार ते आधीच दाखवलेलं. तुमचा ठोसा चुकत नाही, चुकते ती फक्त अक्कल. तो एकट्याने खेळायचा खरा, पण एकाच पडद्याभोवती चार डोकी बसवा आणि वाद ऐका. मात्र त्यातही एक दादा असतो, तो सगळ्यांचे डाव ठरवतो. पँडेमिक या बोर्डगेममध्येही हेच होतं. ज्याला सगळं दिसतं तोच खेळतो.

म्हणून माझं मत: कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स. २०१५चा आहे. एकाच्या पडद्यावर बॉम्ब, बाकीच्यांच्या हातात तो निकामी कसा करायचा ते सांगणारं छापलेलं २३ पानी पुस्तक. बॉम्बवाल्याने पुस्तक बघायचं नाही, पुस्तकवाल्यांनी बॉम्ब बघायचा नाही. इथे दादागिरी करायची तरी कशावर? पुस्तक फुकट आहे, आणि गेम एकानेच घ्यायचा. माझ्याकडे आहे. तिकडच्यांना फक्त फोन कानाला लावायचाय.

---

प्रेषक: वहिनी (सिएटल)

बंटी, एकत्र स्वयंपाक करायचा ओव्हरकुक्ड राहिला. आम्ही दिवाळीत ओव्हरकुक्ड २ लावला होता. त्यात भाज्या एकमेकांकडे फेकता येतात. आमच्या ह्यांनी सगळे टोमॅटो नदीत फेकले, आणि ताटल्या धुवायला शेवटी मीच. घरी जे चालतं तेच पडद्यावर. मग दोघांचाच म्हणून इट टेक्स टू घेतला. २०२१ला गेम अवॉर्ड्समध्ये त्याला वर्षातला सर्वोत्तम खेळ ठरवलं होतं. दोघांपैकी एकाने विकत घेतला की दुसऱ्याला फ्रेंड्स पासवर फुकट, त्यामुळे खजिनदार खूश. पण गोष्ट घटस्फोटाला निघालेल्या जोडप्याची! सासूबाई मागे सोफ्यावर. त्यांनी अर्धा तास बघितला आणि मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, "तुमचं सगळं बरं आहे ना?"

खेळ मात्र छान आहे. एकाकडे खिळे, दुसरीकडे हातोडी, एकट्याने पुढे जाताच येत नाही. मंडळासाठी नाही, घरच्यासाठी सांगते.

---

प्रेषक: नाना (शिकागो, मूळ धुळे)

कसाले इतला कुटाणा?

आखाजीला खान्देशात काय खेळतात ते सगळ्यांना ठाऊक आहे, इथे लिहायला लाजू नका. पत्ते! मेंढीकोट. चार जण, समोरासमोर भिडू, आणि बोलायला बंदी. बंटीने वर जी फूटपट्टी सांगितली, तिच्यावर मेंढीकोट शंभर टक्के उतरतो. भिडूच्या हातात काय आहे ते दिसत नाही, विचारता येत नाही, त्याने कुठलं पान टाकलं त्यावरून ओळखायचं. मेंढी, म्हणजे नव्या पोरांसाठी दहाची पानं, चारही एका बाजूला आली की कोट. त्याला वीज लागत नाही, पासवर्ड लागत नाही.

आणि आखाजीचा कार्यक्रम १२ वर्षं मी बघतोय, तेव्हा समितीत हे आधी विचारायला हवं होतं.

---

प्रेषक: माई

नाना, विचारलं होतं. तुम्ही नाशिकला होतात. आणि पत्त्यांचे हात कॅमेऱ्यासमोर धरून इकडून तिकडे कसे खेळणार?

---

प्रेषक: अण्णा (रॉली, मूळ भुसावळ)

बंटीस,

तुमच्या त्या बॉम्बमध्ये मोर्स, म्हणजे आमची तारेची कट्ट-कडकट्ट लिपी, आहे असं नातू म्हणतो. खरं आहे काय? मी भुसावळच्या तारघरात होतो. साधी तारसेवा २०१३च्या जुलैत बंद झाली, पण आमचं काम त्याच्या कितीतरी आधीच संपलं होतं. एक शंका आहे. आम्ही कानाने घेत होतो. साउंडर, म्हणजे तारेचा खटका, वाजायचा आणि हात आपोआप लिहायचा, मधे विचार नसे. दिवा बघून वाचणं ही जहाजावरच्यांची रीत. मला दिवा वाचता येणार नाही, आधीच सांगतो.

---

प्रेषक: बंटी

अण्णा, आहे! त्यात दिवाच लुकलुकतो. पण दिवा तुम्हाला दिसणारच नाही, तो माझ्या पडद्यावर. मी बघून तोंडाने कट्ट-कडकट्ट करणार आणि तुम्ही कानाने घेणार, म्हणजे जुन्या खुर्चीवरच बसा. एकूण १६ शब्दच येऊ शकतात, आणि प्रत्येकाला एक फ्रिक्वेन्सी ठरलेली. शब्द 'शेल' निघाला तर ३.५०५ मेगाहर्ट्झ. तो आकडा तुम्ही पुस्तकातून सांगायचा, मी लावून बटण दाबायचं. फक्त सावध: १६ पैकी सहा शब्द बीने सुरू होतात, ब्रेक आणि ब्रिक दोन्ही आहेत. पहिल्या अक्षरावर निर्धास्त होऊ नका.

तीन चुका झाल्या की स्फोट. आणि चूक झाली की घड्याळही जोरात पळायला लागतं.

---

प्रेषक: अण्णा

ब्रेक आणि ब्रिकमध्ये चौथं अक्षर ऐकायचं नाही, तिसऱ्यालाच कळतं. ई म्हणजे एकच कट्ट, आय म्हणजे दोन. मावशींना सांगा, बॉम्बच्या तारा कापायचं पान त्या बघतील, मोर्सचं पान माझं.

---

प्रेषक: खजिनदार

एक प्रत, तीही बंटीची, म्हणजे खर्च शून्य. मग यावर ठराव कशाला हवा? मेंढीकोटच्या जोडांचेही पैसे मंडळ देणार नाही, कॅरमच्या पावडरीवरून मागे झालं ते पुरे.

---

प्रेषक: तांत्रिक समिती

झूमची लिंक आम्हीच देऊ. बंटीने परस्पर व्हॉट्सअॅप कॉल लावू नये. बॉम्बवाला पडदा शेअर करणार नाही याची खात्री करावी, नाहीतर खेळच संपला.

---

प्रेषक: पप्पू (भुसावळ)

एक अडचण कोणीच बोललं नाही. आखाजीच्या वेळेला इथे दुपारी ४४-४५ असतं, संध्याकाळी ७:३०लाही भिंती तापलेल्या. कूलर बंद करून चालणार नाही, आणि आमचा पत्र्याचा कूलर लावला की शेजारच्याला फोन ऐकू येत नाही. तालमीत "हॅलो हॅलो" चाललं होतं ते नेटमुळे नाही, कूलरमुळे. अण्णांचं कट्ट-कडकट्ट त्यात कोण ऐकणार?

---

प्रेषक: वहिनी

अण्णा तर रॉलीत आहेत ना? मोर्स त्यांनीच ऐकायचं. भुसावळकडे तारांचं पान द्या. तिथे नियम सरळ आहेत: तीन तारा असतील आणि लाल एकही नसेल तर दुसरी कापा. मावशी हे कूलरच्या आवाजातही ओरडून सांगतील. मी ते पान त्यांना मराठीत हाताने लिहून पाठवते. मात्र ते 'हूज ऑन फर्स्ट'चं पान कोणालाही देऊ नका, त्यात रेड, रीड, लेड, देअर असले सारखेच ऐकू येणारे शब्द आहेत. झूमवर भांडणं होतील.

---

प्रेषक: पप्पू (भुसावळ)

चालेल. कूलर दुसऱ्या खोलीत नेतो, दाराशी पंखा लावतो. छापायचं काळं-पांढरं चालेल का? रंगीत झेरॉक्स २३ पानांचं महाग पडतं.

---

प्रेषक: बंटी

काळं-पांढरं चालतं, रंग शब्दांतच लिहिलेत. पहिल्या पानावर पडताळणीचा क्रमांक २४१ आहे ना ते बघून घे. सगळ्यांकडे तीच आवृत्ती हवी, नाहीतर एक जण भलतीच तार कापायला लावेल.

---

प्रेषक: माई (कार्यक्रम समिती)

ठरलं. झूमवर बॉम्ब, बंटी पडद्याशी. अण्णा मोर्स, सावद्याच्या मावशी तारा, वहिनी चिन्हांचं पान. पोरांनी पाळीपाळीने पुस्तकाची बाकीची पानं धरायची. झूम संपल्यावर एडिसनच्या हॉलवर मेंढीकोट. नाना, तुम्ही शिकागोहून येणार असाल तर आताच कळवा, भरीत तेवढंच होणार आहे. वांगी हिरवी मिळाली नाहीत, जांभळ्यांचंच करणार. त्यावर स्वतंत्र ईमेल नको.

---

प्रेषक: नाना

येतो. पण भिडू मी निवडणार. आणि मंडळाच्या कपाटातल्या जोडात बदामाची मेंढी नाही, ती हरवून दोन वर्षं झाली. कोणीतरी नवा जोड आणा.

---

प्रेषक: खजिनदार

नाना, जोड तुम्हीच आणा.